हात लावू नये

शाळेच्या कॉम्प्युटरवर माझा एक फोल्डर होता. त्याचं नाव ‘हात लावू नये’. त्याच्या शेजारी ‘नवीन’, ‘नवीन नवीन’, ‘खरं हेच’ आणि ‘साहेब आले तर’ अशी बाकीची मंडळी. जव्हारहून मोखाड्याला जाताना रस्ता सोडून थोडं आत गेलं की जी निवासी आश्रमशाळा लागते, तिथे मी कारकून होते. पोरांचे दाखले, आधारच्या प्रती, तपासणीची पत्रं, शिक्षकांचे आदेश, सगळं स्कॅन करून मी याच फोल्डरांत ठेवलं होतं. कुठलं कुठे आहे ते मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

खरं तर बरंच वाटायचं. मुख्याध्यापक व्हरांड्यातूनच ओरडायचे, “बाई, ते मागच्या तपासणीचं पत्र कुठंय?” मी चहाचा कप खाली न ठेवता ते उघडून द्यायची. ‘बाईंना विचारा’ हे आमच्या शाळेतलं सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं वाक्य होतं. भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना फोन आला, तेव्हा मी मांडवाबाहेर जाऊन ‘खरं हेच’च्या आत ‘जुनं खरं’ बघा म्हणून सांगितलं. नवरा चिडला. मीही वैतागल्यासारखं केलं, पण अक्षता टाकायला परतले ती मिरवतच.

मग ती आली. कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून, कंत्राटावर. मोखाड्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, आमच्यासारख्याच आश्रमशाळेत शिकलेली. पहिल्या दिवशी तिने माझे फोल्डर बघितले आणि हसली नाही. हसली असती तर मला तिला झापता आलं असतं.

तिची पद्धत अगदी साधी होती. वर्षाचा एक फोल्डर, त्यात इयत्ता, त्यात मूल. प्रत्येक कागदाच्या नावात आधी वर्ष, मग मुलाचा नंबर, मग कागद कसला ते. हे सगळं ड्राइव्हवर चढवायचं, म्हणजे कुणालाही आपल्या मोबाईलवरून बघता येईल. कुणालाही! मी मनात म्हटलं, मग मी इथे काय करायचं, शेंगा सोलायच्या?

पण शाळेत रेंज नव्हती, अजूनही धड नाही. मागच्या टेकाडावर मोहाचं एक झाड आहे, तिथे उभं राहिलं की मोबाईलला दोन दांड्या येतात. शाळेचं जे काही ऑनलाइन व्हायचं ते त्या झाडाखाली. ती लॅपटॉप घेऊन जायची, आणि मला जावंच लागायचं, कारण ओटीपी माझ्या मोबाईलवर यायचा. खोटं कशाला बोलू, त्या ओटीपीचा मला भारी अभिमान होता. मी आकडे वाचून दाखवल्याशिवाय तिचं पान हलायचं नाही.

आकडे सांगून झाले की काम काही उरायचं नाही. फाईल चढत राहायची, हळूहळू, मध्येच थांबत. सपाट दगडावर लॅपटॉप, त्याला ऊन लागू नये म्हणून माझी छत्री, आणि आम्ही दोघी शेजारी बसून नागलीची भाकरी खातोय. माझी लसणाची चटणी तिला फार आवडायची. खाता खाता ती विचारायची, “बाई, ‘वळणावरची’ म्हणजे कुठली हो मुलं?”

मी सांगायची. घाटातल्या वळणावर पाच-सहा घरं आहेत. दिवाळी झाली की माणसं वीटभट्टीवर जातात, आणि मागे राहिलेली एक आत्या सगळ्या पोरांचे कागद एकाच पिशवीतून आणून देते. म्हणून मी ते एकत्रच ठेवले. वेगळे करायला गेलं तर आत्याच गोंधळते. ‘साहेब आले तर’मध्ये काय, ‘नवीन नवीन’ नवीन का नाही, कुठल्या पोराचा दाखला चुकून कुणाच्या फोल्डरात राहिला, असं सगळं. मी गोष्टीवेल्हाळ बाई. ऐकणारं कुणी मिळालं की मला राहवत नाही. ती ऐकायची आणि मधून मधून लॅपटॉपवर काहीतरी टाइप करायची. मला वाटायचं, ती तिचं काम करतेय.

हळूहळू हाका कमी झाल्या. एकदा वावर गावाच्या बाजूचा एक बाप आला. असे लोक आधी माझ्या टेबलासमोर उभे राहायचे, पिशवीचे बंद पिळत विचारायचे, “बाय, माझे पोरीचा दाखला गवसंल का?” हा तिच्याकडे गेला. ती त्याच्याशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलली, दोघं कशावर तरी खळखळून हसली, आणि मी चष्मा शोधेपर्यंत प्रिंट त्याच्या हातात होती. माझ्या टेबलासमोर इतक्या वर्षांत कुणी हसलं नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी उगाच कपाट उघडलं, पुन्हा लावलं.

मुख्याध्यापक आता ‘ड्राइव्हवर बघा’ म्हणायचे. जव्हारला परतताना जीपमध्ये दाटीवाटीने बसून मी रोज त्या ड्राइव्हचं वाईट चिंतायची. पावसाळ्यात वीज गेली, टेकाडावरची रेंजही गेली, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, आता येतील माझ्याकडे. आले नाहीत. तिने सगळ्याची एक प्रत लॅपटॉपवर उतरवून ठेवली होती, आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज केलेला होता. पुढे ओटीपीचा नंबरही बदलून तिचा दिला गेला. “बाईंना सारखं टेकाड चढायला नको,” असं तीच म्हणाली. मला चढायचं होतं. पण हे बोलायचं कुणापुढे?

ती आगाऊ असती तर बरं झालं असतं. तसलं काहीच नव्हतं. सणाला माझ्या पाया पडायची. आपल्या पाड्यावरून माझ्यासाठी रानातली कंटोळी आणायची, जून झालेली नव्हे, कोवळी, निवडून आणलेली. मी ती घरी नेऊन तेलावर परतायची. भाजी सुरेख व्हायची, त्याचाही राग यायचा.

माझ्या निरोपाच्या दिवशी शाल दिली, नारळ दिला. मुख्याध्यापक म्हणाले, बाईंनी इतकी वर्षं रेकॉर्ड जपलं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, आता ते सुरक्षित हातांत आहे. टाळ्या वाजल्या. मी शालीखाली माझे हात बघितले. यांना काय झालं होतं?

घरी बसल्यावर पहिले काही महिने मी मोबाईल कमरेलाच ठेवायची. शाळेतून कुणी काही विचारलं नाही. मग पेन्शनसाठी एका कार्यालयाला मला सेवेत कायम केल्याच्या आदेशाची प्रत हवी झाली, आणि मला खरंच आनंद झाला. कारण तो आदेश कुठे आहे ते जगात मी एकटीच जाणत होते. शाळेत हळदीकुंकू होतं त्या दिवशी तो हाती आला होता. स्कॅनर बंद पडलेला, म्हणून मी त्याचा मोबाईलवर फोटो काढला, आणि तो हळदीकुंकवाच्या फोटोंबरोबर कॉम्प्युटरवर गेला. ‘हात लावू नये’च्या आत ‘वाण’, आणि त्याच्या आत तिळगूळ वाटणाऱ्या बायकांच्या रांगेत माझा आदेश. मी तो तिथून कधी हलवलाच नाही.

मी तिला मेसेज केला. कायम केल्याचा आदेश हवाय, एवढंच. वर्ष लिहिलं नाही, खूण सांगितली नाही. मोबाईल शेजारी ठेवून तांदूळ निवडायला बसले. ती फोन करील, ‘बाई, सापडतच नाही हो’ म्हणेल, तेव्हा काय बोलायचं तेही मी ठरवलं होतं. आधी म्हणायचं, थांब हं, आठवू दे. जरा वेळ लावायचा. मग सांगायचं.

सुपातले तांदूळ अर्धेही निवडून झाले नव्हते आणि मोबाईल वाजला. फोन नव्हता, मेसेज होता. आदेश आला होता. फोटोत तो तिरका होता, माझा अंगठा दिसत होता. तिने तो सरळ केला होता, अंगठा कापला होता.

मग मीच फोन केला. विचारलं, “कुठे सापडला गं?”

“बाई, तो ‘वाण’मधे होता ना,” ती म्हणाली. “तुम्हीच नाही का टेकाडावर सांगितलं, फाईल चढत होती तेव्हा? किती हसलो होतो आपण! मी तेव्हाच बाहेर काढून नीट नाव दिलं. तुमचं सगळंच तसं केलंय. शोधताना ‘वळणावरची’ टाकलं तरी ती पोरं येतात अजून.”

मला ते सांगितल्याचं आठवत नव्हतं. चटणी आठवत होती, छत्री आठवत होती, ती टाइप करत होती तेही आठवत होतं.

“अजून काही लागलं तर सांगा हं बाई,” ती म्हणाली. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तिला न सांगितलेलं असं काही माझ्याकडे उरलंय का, ते आठवत मी सूप मांडीवर घेऊन बसून राहिले. एकही गोष्ट आठवेना.