उजव्या हाताचा फेरा

भिजून वाळलेल्या दोराचा वास आला की मला पौषातली येलदरीची सकाळ आठवते. धरणाच्या जलाशयावर धुकं इतकं विरळ पसरलेलं असे, की पलीकडच्या काठावरचा हुरड्याचा धूर कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं हे उमगत नसे. त्या धूसर उजेडात, पत्र्याच्या शेडसमोर, आमच्या क्लबच्या जुन्यापान्या होड्यांची शिडं हळूहळू वर चढत. ऊन शिडांवर आलं म्हणजे शर्यतीचा दिवस सुरू झाला, असं मी समजायची.

परभणी जिल्ह्यात शिडाच्या होड्यांची शर्यत म्हटलं की माणसं आधी हसून घेतात. जिंतूरला माझ्या शेजारणीने तर मला दारातच गाठलं होतं. "उन्हाळ्यात आमी टँकरमागं पळायलाव, अन् तुमी पाण्यावर खेळायलाव व्हय बाई?" तिचं काही चूक नव्हतं. त्यातून मला पोहता येत नाही. शाळेतून निवृत्त झाले, रविवार खायला उठू लागले, आणि शिट्टी फुंकण्याचा आयुष्यभराचा सराव गाठीशी होता, म्हणून मी स्वयंसेवक झाले. केशरी लाइफ जॅकेट घालून मी मोटरबोटीत बसले की एखादं गाठोडं ठेवल्यासारखी दिसते, हे मला सगळ्यांनी आळीपाळीने सांगितलेलं आहे.

काम साधं. वारा ज्या दिशेने येतो तिकडे दूरवर जायचं, दगडांनी भरलेलं पोतं दोराला बांधून तळाशी सोडायचं आणि त्याच्या आधाराने एक लाल ड्रम पाण्यावर तरंगत ठेवायचा. होड्यांनी तिथवर येऊन तो ड्रम डाव्या हाताला ठेवून वळायचं. कुणी चुकून उजव्या हाताला ठेवून वळलं, तर त्याने मागे येऊन, वडाला गुंडाळलेलं सूत उलट उलगडावं तसा तो फेरा उलगडायचा आणि पुन्हा नीट वळायचं. नाही केलं तर होडी शर्यतीतून बाद. हे सगळं जवळून पाहणारीने मात्र तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, कारण सांगणं ही मदत होते. जन्मभर मुलांच्या चुका जागच्या जागी सांगत आलेल्या बाईला याहून मोठी शिक्षा नसेल.

देविदासराव आमच्यातले सर्वांत जुने. पॉवरहाउसमधली नोकरी संपल्यावर त्यांनी शिडात जीव गुंतवला. त्यांचं मूळ गाव याच पाण्याखाली गेलेलं. ते लहान होते तेव्हा मारुतीची मूर्ती बैलगाडीतून नव्या गावात नेली, देऊळ खालीच राहिलं. पाणी फार उतरलेल्या एका उन्हाळ्यात त्यांनी मला त्याचा चौथरा दाखवला होता. टेकडीवरचं एकटं बाभळीचं झाड आणि पॉवरहाउसचं छप्पर एका रेषेत आलं की खाली देऊळ, ही त्यांची खूण. तिथून होडी जाताना त्यांच्या गावचे लोक देवाला उजव्या हाताला ठेवून एक फेरा घालतात. कुणी बोलत नाही, हात आपोआप वळतो.

शेडमधल्या फळीवरच्या पितळी कपाने मात्र त्यांना सतत हुलकावणी दिली होती. दरवर्षी दुसरे. आणि त्या हिवाळ्यानंतर ते मुलाकडे पुण्याला कायमचे जाणार होते. सकाळी शिड बांधताना म्हणाले, "बाई, आवंदा कप घेऊनच जातो बघा. न्हाई तर तिथं लिफ्टमधी काय सांगू लोकायला?"

त्या दिवशी वारा ईशान्येचा होता, अंगाला झोंबणारा. ड्रम टाकून आम्ही बाजूला थांबलो, धुकं फिटलं, आणि मला टेकडीवरची बाभूळ दिसली. तिच्या खाली, नेमकं एका रेषेत, पॉवरहाउसचं छप्पर. आम्ही टाकलेला ड्रम बरोबर देवळावर तरंगत होता. पण तोवर शर्यत सुटली होती, आणि सगळ्यांच्या पुष्कळ पुढे देविदासरावांचं ठिगळ लावलेलं शिड येत होतं.

ते जवळ आले. मी शिट्टी दातांत घट्ट धरली. त्यांचा हात सुकाणूवर वळला, होडी झुकली, ड्रम त्यांच्या उजव्या हाताला राहिला आणि शिडाचा दोर धरलेला उजवा हात क्षणभर कपाळाला गेला. थोडं पुढे गेल्यावर शिड एकदम सैल पडून फडफडलं. त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बाकीच्या होड्या अजून लांब होत्या. उलगडायला वेळ भरपूर होता. परत फिरा, परत फिरा, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. त्यांनी ड्रमकडे पाहिलं, मग दोर खेचला आणि ते तसेच निघून गेले.

काठाला ते पहिले पोहोचले. टाळ्या वाजल्या. आमची मोटरबोट काठाला लागली, तेव्हा मी उतरायच्या आत त्यांनी मला हाताने थांबवलं. "तुमी नका सांगू बाई, मीच सांगतो." पंचांना सांगून, बाद होऊन आले, आणि उलट्या ठेवलेल्या होडीवर माझ्याशेजारी बसले.

मागे का फिरला नाहीत, असं मी विचारलं.

"देवाला घातलेला फेरा उलटा कसा फिरवू? कपापायी?" मग बराच वेळ ते ओल्या दोराची गाठ सोडवत राहिले. "कप मातर लय पाहिजे होता, बाई."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

यंदा शर्यतीच्या सकाळी, ड्रम टाकून झाल्यावर, पुण्याहून त्यांचा फोन आला. "वारं कुठलं हाय?"

ईशान्येचा, मी म्हटलं. "मग ड्रम देवावरच असंल."

मी टेकडीकडे पाहिलं. होता. माझं गाव नव्हे ते, पण त्या पाण्याखाली काय आहे हे ठाऊक असलेलं त्या सकाळी तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी पोहू न शकणारी, वयाने उतरलेली बाई. मी नावाड्याला इंजिन बंद करून वल्ही घ्यायला सांगितलं, ड्रम उजव्या हाताला ठेवून एक फेरा.

"काऊन बाई?"

खाली देऊळ आहे, मी म्हटलं. त्याने पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या आणि वल्ही हातात घेतली. वल्ह्यांचा आवाज ऐकू जावा म्हणून मी फोन पाण्याकडे धरला.

"झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला."

थोड्या वेळाने पहिली होडी आली आणि ड्रम डाव्या हाताला ठेवून, नियमाप्रमाणे, वळून गेली. फोन अजून चालूच होता.