हस्तेचा रकाना
मारेगावजवळच्या कापूस खरेदी केंद्रावर कॉम्प्युटर बसवला, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी एका बाईची बैलगाडी परत पाठवली. दवाने ओलसर झालेल्या कापसाचा वास आला की ती सकाळ आठवते. कापसाचे वाईट दिवस होते. केंद्र दुसऱ्या दिवसापासून बंद होणार होते आणि गाड्यांची रांग डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती. सातबारा तिच्या नवऱ्याच्या नावावर होता आणि नवरा लकव्याने अंथरुणावर होता. “जुने बाबू ‘हस्ते’ लिहून माहं नाव टाकत होते,” ती म्हणाली. वहीत तशी रीत होतीच. पडद्यावर मला ती जागा सापडेना. मला येत नाही, हे रांगेसमोर म्हणायची लाज वाटली. “कॉम्प्युटर घेत नाही, बाई,” मी म्हणालो. “काहून घेत नाही? दोन दिवसांपासून लाइनीत हाओ मी, त्याले सांगा ना!” “त्याले बायको नसन, बाई,” मागचा एक गाडीवाला म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. तिने बैल वळवले. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याने तिचा कापूस पडेल भावात घेतला. दुपारी कॉम्प्युटर शिकवणारा माणूस आला. त्याने एक कळ दाबली, दुसरे पान उघडले आणि त्यावर ‘हस्ते’ असा रकाना होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. केंद्र बंद होईपर्यंत मी त्या रकान्यात अकरा नावे भरली. तिचे त्यात नव्हते.