मनीषाला शेवट बदललेला चालत नसे

मनीषा गेली त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिला परळच्या हॉस्पिटलात भेटले. डब्यातून पेज नेली होती. ती तिने बाजूला सारली आणि मोबाइलवर एका जपानी सिनेमाची जाहिरात दाखवून म्हणाली, "आत्या, हा बघू नकोस. पुस्तकात म्हातारा मरतो, यांनी जिवंत ठेवलाय." धाप लागली होती, तरी एवढं बोलून झाल्यावरच तिने पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी तिच्या मोठ्या भावाचा, संजयचा फोन आला... मी पेजेचं भांडं घासत होते. ते घासून पूर्ण केलं आणि मग निघाले.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. दहाव्याला संजय सगळ्यांसमोर म्हणाला, "कार्टूनच्या नादात तिचं सगळं राहून गेलं." माना हलल्या. मी तेव्हा गप्प बसले, कारण पिंडाला कावळा शिवायचा होता. आज गप्प बसायचं कारण नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण मनीषा कशी होती हे मला माहीत आहे, आणि ते तसंच सांगितलं जावं एवढीच माझी मागणी आहे.

संपात माझ्या भावाची मिल बंद पडली ती पडलीच. तो बायकोला आणि शेतात हाताशी येईल म्हणून संजयला घेऊन मालवणकडे गावी गेला. मनीषाची शाळा नुकतीच सुरू झाली होती, म्हणून तिला लालबागला माझ्या खोलीत ठेवली. मला मूलबाळ नव्हतं. यजमानांची मिलही बंदच होती. मी गिरगावात एका बाइंडिंगच्या कारखान्यात लागले. छापलेले मोठे कागद, म्हणजे फर्मे, घडी करायचे, क्रमाने लावायचे, शिवायचे. पुढे टीव्हीवर हिंदीत बोलणारी जपानी कार्टूनं यायला लागली, ती मनीषा संध्याकाळी बघायची. मोठी झाली, नोकरीला लागली, तरी बघायची. त्यांना ॲनिमे म्हणायचं, कार्टून म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. हिंदी आवाजांवर तर तिचा भारीच राग. "ती माणसं गप्प बसतात ना आत्या, तिथे हे लोक विनोद भरतात. गप्प बसणं यांना सोसतच नाही."

मग एकदा तिने फोर्टच्या फुटपाथवरून एक जुनं चित्रांचं पुस्तक आणलं. या पुस्तकांना मंगा म्हणतात. पानं सुटली होती. मला म्हणाली, शिवून दे. मी कारखान्यात नेऊन बघते तर पुस्तक उलटं. पाठ उजवीकडे, पहिलं पान शेवटी. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण आकडे कळतात. मला वाटलं, कुठल्या तरी नवख्या बाइंडरने घोळ घातलाय. मी सगळं सोडवलं, पानं उलट क्रमाने लावली, नवा पुठ्ठा चढवला आणि मोठ्या दिमाखात तिच्या हातात दिलं. तिने उघडलं आणि बघतच राहिली.

"आत्या, तू काय केलंस गो हे?"

"सरळ केलं. वेड्यासारखं बांधलेलं होतं."

"त्यांचं तसंच असतं. उजवीकडून डावीकडे."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

ती हसत बसली नाही. मला समोर बसवलं आणि सगळं पुस्तक पुन्हा सोडवायला लावलं. मी पान उचलायचं, तिने चित्रावर बोट ठेवून मराठीत गोष्ट सांगायची, मग ते पान जागेवर ठेवायचं. अशी मी पहिली मंगा वाचली. नंतर किती झाल्या, ठाऊक नाही.

तिचं म्हणणं असं होतं की कागदावर माणूस आपल्या गतीने थांबतो. ॲनिमेत चित्राला श्वास मिळतो. खरी माणसं घेऊन सिनेमा काढला की बहुतेक वेळा नुसते केसांचे टोप घातलेले लोक दिसतात, गॅदरिंगमधल्यासारखे. पण ती आंधळी नव्हती. एका म्हाताऱ्या आचाऱ्यावरचा सिनेमा तिला पुस्तकाहून आवडला होता. "अर्धी गोष्ट टाकून दिली आणि त्याची वाकलेली पाठ तेवढी ठेवली. याला अक्कल लागते," असं म्हणाली. हे सगळं ती इंटरनेटवर लिहायची आणि अनोळखी लोकांशी भांडायची. रविवारी तिच्या तीन-चार मैत्रिणी यायच्या. त्यांच्याशीही भांडायची, आणि त्या पुढच्या रविवारी पुन्हा यायच्या.

एक मंगा मात्र आम्हा दोघींची होती. जपानमधल्या रेशमाच्या गिरणीतल्या पोरींची गोष्ट. उकळत्या पाण्यातून कोश काढून काढून त्यांची बोटं पांढरी पडतात, कातडी सुरकुतते. चितारणाऱ्याने पानभर नुसती बोटं काढली होती. त्या पोरी संप करतात. शेवटी गिरणीला कुलूप लागतं आणि एक पोरगी गावी जाऊन रोज भोंग्याच्या वेळेला उठून बसते. भोंगा काही वाजत नाही. बस, तिथे पुस्तक संपतं. पुढे त्याचा सिनेमा आला. आम्ही तो खोलीत, तिच्या कॉम्प्युटरवर पाहिला. नटीची नखं रंगवलेली. शेवटी मालकाचा मुलगा माफी मागतो, गेट उघडतं आणि पोरी गात गात आत जातात. मनीषाने कॉम्प्युटर बंद केला.

"यांनी संप मिटवला, आत्या."

"आपला कुठे कोणी मिटवला?" मी म्हटलं.

आमचा संप संपला असं कोणी कधी जाहीर केलंच नाही. तिचा बाप मरेपर्यंत गावात पोस्टमनची वाट बघत होता, मिलमधून बोलावणं येईल म्हणून. हे तिला माहीत होतं. त्या दिवशी ती जेवली नाही. चाळीतले लोक म्हणतील, एवढी मोठी बाई सिनेमावरून उपाशी राहते. राहते. तुम्ही कशावरून राहता?

गेल्या आठवड्यात संजय तिचा फोटो फ्रेम करून घेऊन आला. आमच्याकडे स्टुडिओवाले गेलेल्या माणसाला फोटोत कपडे चढवून देतात. पुरुषाला कोट, बाईला साडी. मनीषाला हिरवी साडी नेसवली होती. चष्मा काढला होता, टिकली लावली होती, रंग उजळला होता, आणि ओठांचे कोपरे थोडे वर उचलले होते. खाली छापलं होतं, मनमिळाऊ व शांत स्वभावाची.

"छान आलाय ना?" संजय म्हणाला.

"कोण आहे ही?"

"आत्या, लोक येतात-जातात. जरा बरं दिसायला नको?"

"तिला नको होतं. मला पण नको."

"तू पण ना... तिच्यासारखीच झालीस."

मी फ्रेम उलटी केली, मागचे खिळे पक्कडीने काढले. तीस-चाळीस वर्षं पुस्तकं सोडवली आहेत, फ्रेम काय चीज आहे. आत तिच्या ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो बसवला. जाड चष्मा, विस्कटलेले केस, आणि फोटो काढणाऱ्याचं काहीतरी चुकतंय असा चेहरा. एवढ्या मोठ्या फ्रेममध्ये तो बोटभर फोटो. बाकी सगळा पांढरा कागद. संजय चहा न घेता गेला. फोटो कपाटाच्या वर लावलाय. येणारे विचारतात, चांगला फोटो नव्हता का हो? मी सांगते, हाच चांगला आहे.