पार्बताबाईच्या जागी मी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. लेकीला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढं वगळून बाकीचं सगळं बोलते. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच तुमच्याशी बोलायचं धाडस होतंय. तरी कुठून सुरुवात करू ते कळत नाही — कितीदा मनात जुळवलं आणि कितीदा मोडलं.

आधी मी कोण ते सांगते. सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला आमचं बी-बियाण्यांचं, खतांचं दुकान आहे. नवरा दुकान पाहतो, थोडी धानाची शेतीही आहे. घरात खायला-प्यायला कमी नव्हतं. लेक मोठी झाली तशी मी एका संस्थेत जायला लागले. खेड्यापाड्यातल्या बायांनी आपला धंदा उभा करावा, तलावातली मासोळी, मोहफुलं, बांबूच्या टोपल्या विकून स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं आमचं काम. आज मी त्या संस्थेच्या संचालक मंडळावर आहे. आमचे अध्यक्ष गोंदियाचे, निवृत्त प्राचार्य. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो.

बाहेरचे पाहुणे आले की सर मंडळातल्या एकेकाला उभं करून ओळख करून देतात. कोणी कुठे पुढाकार घेतला, लोकांना कसं सोबत घेतलं — सरांना हे फार महत्त्वाचं वाटतं. पद नको, पार्श्वभूमी सांगा, असं ते म्हणतात. एक जण बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी बुडायला आलेली पतसंस्था सावरली. एक डॉक्टरीणबाई, त्यांनी नागझिऱ्याकडच्या जंगलपट्टीत दवाखाना चालवला. एक राइस मिलवाले. त्यांनी हमालांच्या संपात व्यापारी आणि हमाल यांना एका सतरंजीवर बसवलं. मग माझी पाळी येते. सर म्हणतात, "आणि या आमच्या कुंदाताई. ठेकेदाराच्या जाळ्यासमोर बायांना घेऊन कंबरभर पाण्यात उभ्या राहिल्या." लोक टाळ्या वाजवतात. मी मान खाली घालते. लोकांना तो माझा विनय वाटतो.

मी त्या पाण्यात उतरलेच नव्हते.

बघा, हे सांगून झालं आणि मला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. कारण हे अर्धंच आहे. आणि अर्धं कबूल केलं की उरलेलं झाकायला बरं पडतं, नाही का? मला स्वतःची ही खोड माहीत आहे. म्हणून पुढचंही सांगते.

केशोरीच्या पलीकडच्या एका गावाला मोठा तलाव आहे. पिढ्यान् पिढ्या तिथली ढिवर मंडळी त्यात जाळं टाकत आली. पण ठेका एका बाहेरच्या माणसाकडे गेला होता आणि ही माणसं आपल्याच तलावावर मजूर झाली होती. पार्बताबाई त्यांच्यातलीच. शिकलेली नव्हती, पण बोलायला लागली की बाया कामं थांबवून ऐकत. गावात आमचा बचत गट तिनेच बांधला. मी महिन्यातून एखाद्या वेळी जीपने जायची, दोन-चार सूचना करायची आणि परत यायची.

त्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं होतं. ठेकेदाराची माणसं मोठं जाळं घेऊन आली — अंडी धरलेली मासोळीसुद्धा काढून न्यायला. ती गेली असती तर पुढच्या वर्षी तलावात काही उरलं नसतं. मी नेमकी त्याच सकाळी गावात पोचले होते. तलावाच्या काठावर उभी होते. पार्बताबाईने माझ्याकडे बघितलं, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि पाण्यात उतरली. तिच्या मागे बाकीच्या बाया. जाळ्यासमोर एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या.

आधी शिव्या झाल्या. मग एकाने बांबू उचलला.

मी काय केलं? मी मागे फिरले, जीपमध्ये जाऊन बसले आणि काच वर केली. ड्रायव्हर गावात गेला होता. मला बघायला कोणी नव्हतं. काचेतून ओरडणं बारीक ऐकू येत होतं. बांबू पार्बताबाईच्या खांद्यावर बसलेला मी पाहिला. ती पाण्यात बसल्यासारखी झाली, पुन्हा उभी राहिली. शेवटी गावातले पुरुष धावत आले तेव्हा ठेकेदाराची माणसं जाळं तिथंच टाकून पळाली. मग मी उतरले. तिला काठावर घ्यायला हात दिला, त्यात माझ्या साडीचे काठ भिजले.

दुपारी तालुक्याचे साहेब आले, वार्ताहर आले. पार्बताबाईला दवाखान्यात नेलं होतं. बोलता येणारी तिथे मीच. काय झालं, असं विचारल्यावर मी म्हणाले, "आम्ही पाण्यात उतरलो." आम्ही — किती सोयीचा शब्द आहे. त्यात पार्बताबाई होती, गाव होतं, संस्था होती. मी तेवढी नव्हते. बाया बाजूला उभ्या होत्या, कोणी काही बोललं नाही. संस्थेचीच मी, त्यांच्या बाजूची, म्हणून सोडून दिलं असेल. पुढे त्या 'आम्ही'ची 'मी' कधी झाली, मला सांगता येणार नाही. दोन-तीन सभा पुरल्या असाव्यात. तलावाचा ठेका बायांच्या गटाला मिळाला आणि ते यश माझ्या नावावर चढत गेलं.

मग संस्था मोठी झाली. नागपूरचे काही लोक मदत द्यायला तयार झाले. त्यांचं म्हणणं होतं की मंडळावर खरोखर लोकांचं पुढारपण केलेली माणसं हवीत आणि प्रत्येकाने त्यांच्यासमोर आपल्या तोंडाने आपली गोष्ट सांगावी. आमच्या भागातून दोन नावं निघाली. माझं आणि पार्बताबाईचं.

तुमच्या लक्षात आलं असेल. ती त्या लोकांसमोर उभी राहून बोलली असती तर तिने सगळं जसं झालं तसं सांगितलं असतं. माझ्यावर राग धरून नाही — तिला दुसरं काही सांगताच आलं नसतं. आणि कोणीतरी विचारलंच असतं, तेव्हा कुंदाताई कुठे होत्या?

सरांनी मला ऑफिसात बोलावलं. आणखी दोघं जण तिथे बसले होते. सर म्हणाले, "पार्बताबाईंना तुम्हीच जवळून ओळखता. काही अडचण नाही ना?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. थोडं थांबले — ते थांबणंसुद्धा मी मुद्दाम थांबले. मग म्हणाले, "बाई चांगली आहे, सर. पण ठेकेदाराच्या माणसांसोबत तिचं उठणं-बसणं आहे, असं गावात बोलतात. खरं-खोटं मला माहीत नाही."

गावात कोणीही असं बोलत नव्हतं. ते मी त्या खुर्चीत बसल्या बसल्या तयार केलं. 'खरं-खोटं मला माहीत नाही' हे शेवटचं तर मला स्वतःलाच फार हुशारीचं वाटलं. सरांनी मान हलवली. नाव कटलं. विषय संपला, असं मी समजले.

पण खोलीत आणखी दोघं होते ना. काही दिवसांतच ते बोलणं गावात पोचलं, आणि गावात पोचेपर्यंत ते निव्वळ उठणं-बसणं राहिलं नव्हतं. बाईमाणसाबद्दल असं काही निघालं की त्याचं काय होतं, ते मी सांगायला नको. गटाने तिला अध्यक्षपदावरून काढलं. नवऱ्याने बोलणं टाकलं. ज्या बायांनी पाण्यात तिचा हात धरला होता, त्या विहिरीवर तिच्याशी बोलेनाशा झाल्या.

ती माझ्याकडे आली होती. दुपारची वेळ, माझा नवरा दुकानात. ओट्यावरच बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही. खांदा नीट जुळला नव्हता, डावा हात वर जात नव्हता.

"कोनं सांगतलं असन जी असं?" ती म्हणाली. "त्याच्या मानसाईसंगं मी कायले बोलू? मार तर मीच खाल्ला ना."

मी चहा ठेवला. तिने हात लावला नाही.

"बाई, तुमी तिथं होत्या. तुमी सोता पाह्यलं. तुमी सरायले सांगा. तुमचं आयकतेत ते."

"सांगते," मी म्हणाले. "बोलते मी सरांशी."

तिने विश्वास ठेवला. उठताना चेहरा थोडा सैलावला होता तिचा. मी सरांशी बोलले नाही. त्या आठवड्यात नाही आणि नंतरही नाही. थोड्या दिवसांनी कळलं की ती केशोरीला भावाकडे राहायला गेली. नवरा गावातच राहिला. मला काय वाटलं, सांगू? सुटल्यासारखं वाटलं.

कशासाठी केलं मी हे? भीती होती की हेवा? गावात गेले की बाया आधी तिच्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे. ते मला खुपायचं, हे खरं. पण कारण शोधायला बसले की आपल्यासाठी एखादी पळवाट सापडतेच, म्हणून मी शोधणं सोडलं आहे.

मागच्या हिवाळ्यात पार्बताबाई गेली. कावीळ झाली होती, फार दिवस अंगावर काढली. तेरवीला मी केशोरीला गेले. जाताना जीपमध्ये ठरवलं होतं की आज सगळ्यांसमोर सांगायचं. शब्दही जुळवले होते. अंगणात बरीच माणसं होती, तिच्या गावच्या बायाही आल्या होत्या. मेल्यावर आल्या. तिचा भाऊ माझ्याजवळ येऊन हात जोडून म्हणाला, "बाई, दोन शब्द बोला जी. तुमचं लय नाव घे ते. सर्वे मले खोटी मनतेत, पन बाईले ठावं आहे, असं मने."

मी उभी राहिले. समोरच सीताबाई बसली होती. त्या दिवशी पाण्यात ती पार्बताबाईच्या अगदी शेजारी होती. मी बोलायला लागले. पार्बताबाईसारखी धीट बाई मी पाहिली नाही, म्हणाले. तिच्याबद्दल जे बोललं गेलं ते खोटं होतं, म्हणाले — कोण बोललं, ते नाही म्हणाले. आणि मग माझ्याच तोंडातून आलं, "आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून पाण्यात उभ्या होतो."

तिच्या तेरवीला. तिच्या भावाच्या अंगणात.

सीताबाईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग पदर सारखा केला आणि खाली बघायला लागली. पार्बताबाईचा भाऊ रडत होता. कोणीतरी म्हणालं, बाई चांगल्या बोलल्या.

पंगत बसली. मी निघते म्हणाले तर सीताबाईच आडवी आली. "जेवून जाजा, बाई," एवढंच म्हणाली. मी पानावर बसले. तीच वाढत होती. वरण वाढलं, भाजी वाढली, माझ्यासमोर भाताची परात घेऊन उभी राहिली आणि आणखी घ्या म्हणाली.

मी घेतला. पोटभर जेवले.