टपालवाल्याच्या बाह्या

काकांनी तीस वर्षं बस चालवली, काकूंनी चाळीस वर्षं कोट शिवले. दोघं निवृत्त झाले आणि पायाला भिंगरी लागली. महिन्यातून एकदा बॅग उचलायची, नवं गाव गाठायचं आणि तिथलं संग्रहालय बघायचं, हा नेमच झाला. काका तिथली प्रत्येक पाटी पहिल्या अक्षरापासून वाचत. काकू पाट्यांच्या वाटेलाच जात नसत. त्या कपड्यांची शिवण बघत.

एकदा एका कपाटात काळा कोट दिसला. काकांनी मोठ्यानं वाचलं, "गावचा पहिला टपालवाला. बाह्यांच्या वळणावरून त्याचे हात जन्मतः मागे वळलेले असावेत."

काकूंनी काचेला नाक लावलं. "काहीतरीच! मग पत्रं कशी वाटली त्यानं? पाठमोरा होऊन?"

"अगं, हळू! शिकल्यासवरल्या लोकांनी लिहिलंय."

"त्यांनी आयुष्यात कधी बाही लावलीय का? अहो, उजवी बाही डावीकडे लागलीय, डावी उजवीकडे. नवशिकी होते तेव्हा मी एका वकिलाचा कोट असाच बिघडवला होता. बिचाऱ्यानं हात पुढे केला की कोट मागे ओढायचा!"

"असेल. आपल्याला काय करायचंय?"

"चांगल्या धडधाकट माणसाला नसलेलं व्यंग चिकटवलंय. तो काय उठून सांगणार आहे?"

काकू थेट संग्रहालयाच्या अधिकारी मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. मॅडम नम्रपणे म्हणाल्या, "काकू, या कोटाचा आम्ही अभ्यास केलाय."

"केला असेल. एकदा बाही जोडतात तो खांद्याचा मुंढा उलटून बघा. अंगाची शिवण बारीक निघेल आणि बाही जोडलेली जाड दोऱ्याची. तसं नसलं तर सगळ्यांसमोर कान धरते."

काका दाराकडे बघू लागले. घाटात बस घसरली तेव्हासुद्धा त्यांना इतका घाम फुटला नव्हता.

मॅडमनी हातमोजे चढवले, कुलूप काढलं, कोट टेबलावर पसरला आणि अस्तराची उसवलेली कड हलकेच उचलली. अंगाची शिवण मुंग्यांच्या रांगेसारखी होती. मुंढ्यावर मात्र तपकिरी दोऱ्याचे हे एवढाले टाके! मॅडमनी दुसरा मुंढा बघितला. तिथंही तेच.

"कुणीतरी दुरुस्तीला बाह्या काढल्या," काकू म्हणाल्या, "आणि लावताना गफलत केली."

मॅडमनी अस्तराची कड परत जागेवर बसवली. मग म्हणाल्या, "पाटी बदलायला वर कळवावं लागेल."

"कळवा की. पण तोवर ती ओळ झाका."

मॅडमनी स्वतःच्या हातानं ओळीवर कागद चिकटवला.

"आणि बाह्या? सुई-दोरा आहे माझ्याजवळ. तासाभराचं काम."

"नाही हो काकू, जुन्या वस्तूला सुई लावता येत नाही."

"बरं, राहू दे. माणूस तर सरळ झाला."

काकूंनी पर्स काखेत मारली आणि टोप्यांच्या कपाटाकडे निघाल्या. काका मॅडमकडे वळले. आता त्यांचा आवाज चांगलाच चढला होता.

"मॅडम, तुम्हीही चला सोबत. अजून दोन दालनं बाकी आहेत."