उपग्रहाला न दिसलेलं घर

तुमच्या पायाखालची जमीन सरकतेय की नाही, हे भिंतीच्या भेगेवरून ठरावं की आकाशातल्या उपग्रहावरून?

अक्कलकुव्याच्या वर, डोंगरउतारावरच्या पाड्यात धनुबाई वसावे एकटी राहते. हा उतार सरकतोय हे उपग्रहाच्या रडारने पकडलं, म्हणून ज्यांच्या घरांवर ती हालचाल दिसली त्या शेजाऱ्यांना खाली जागा मिळाली. जाताना सगळ्यांनी छपराचे पत्रे उतरवून नेले. कोण सोडेल? पण रडारच्या लहरी परत पाठवून उत्तर देत होते ते हेच पत्रे. धनुबाईचं छप्पर गवताचं, त्यावरून रडारला काही नीट कळत नाही. आता नकाशावर तो उतार कोरा आहे आणि तहसील कचेरीतले साहेब म्हणतात, "हालचालच दिसत नाही, तर जागा कशी देऊ?"

मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. बाहेर आल्यावर धनुबाई हसली. "दादा, एवढा जोर आहे तर माझी लाकडं फोडून दे."

संध्याकाळी ती अजून समोरच्या घराकडे बघून हाक मारते. तिकडे नुसता ओटा उरलाय. "सवय आहे रे," म्हणते आणि एकटीच भाकरी खाते. भिंतीच्या भेगेत आता तिचा हात जातो.

नकाशा करणारी मयूरी सांगते, तीन सपाट पत्रे कोपऱ्यासारखे जोडून घराजवळ रोवले, तर तिथली हालचाल मोजता येईल. पत्रे मी मिळवलेत. पण वर रस्ता नाही आणि पावसाळा तोंडावर आहे. येत्या रविवारी सकाळी अक्कलकुव्याच्या बसस्टँडवर या आणि पत्र्याची एक बाजू धरा.