अंगठ्याखालचा ठोका

चाळीस वर्षं त्याने जिन्याखालच्या हातभर दुकानात घड्याळं दुरुस्त केली. गल्लीत त्याला सगळे सेकंदराव म्हणत. किती वाजले विचारलं, की तो सेकंदांसकट सांगे, आणि तोवर विचारणारा पुढे गेलेला असे. स्वभावाने भिडस्त. घड्याळात काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणं त्याच्या जिवावर येई. चिठ्ठीवर लिहून तो ती घड्याळाला बांधून ठेवी.

एका दुपारी बायको डबा घेऊन आली आणि स्टुलावर टेकत म्हणाली, जरा गरगरतंय. त्याने लगेच तिचं मनगट धरलं. चाकांना घाम लागू नये म्हणून त्याच्या पहिल्या दोन बोटांवर रबरी टोप्या असत. त्या काढायचाही धीर निघेना, म्हणून नाडीवर अंगठाच दाबला. टक, टक, टक. मग एक जागा रिकामी गेली. मग दोन ठोके घाईघाईने. असं अडखळणारं घड्याळ किती दिवसांचा सोबती, हे त्याला नुसतं ऐकून कळे.

तिला म्हणाला, बरोबर आहे सगळं.

दुसऱ्या दिवशी तिचं गरगरणं थांबलं, पण त्याचं मोजणं सुटेना. काही ना काही निमित्त काढून तो तिचा हात धरी, अंगठा टेकवी, आणि ती रिकामी जागा रोज सापडे. "लग्न झालं तेव्हा कधी हात धरला नाहीत, आता काय भूत शिरलं?" ती हसायची. तोही हसायचा, आणि मोजणी चुकायची. ती जिना चढू लागली की हा मागोमाग पायऱ्या मोजत चढे.

नवव्या दिवशी, वय झालं, एकदा तपासून घेऊ, असं म्हणून तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या तपासणी करणाऱ्या मुलीने बायकोच्या मनगटाला पट्टा बांधला. सुई नाही, रक्त नाही. नाडीची लाट पडद्यावर उमटू लागली. एकसारखी, न चुकता. मुलगी म्हणाली, काकू ठणठणीत आहेत, रक्तवाहिन्याही वयाच्या मानाने चांगल्या आहेत.

जन्मात कुणाशी न भांडलेला तो माणूस म्हणाला, "तुमचं यंत्र बिघडलंय. मी आठ दिवस मोजतोय. ठोका चुकतो."

कसा मोजता, दाखवा बरं, ती म्हणाली. त्याने अंगठा टेकवला. ती अंगठ्याकडे पाहतच राहिली.

"काका, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. म्हणून नाडी बघायला बोटं ठेवतात, अंगठा नाही. बसा तुम्ही."

तिने पट्टा त्याला बांधला. तीन लाटा नीट आल्या. मग सपाट रेघ. मग दोन लाटा एकमेकींना खेटून. मुलगी यंत्रातून कागद काढून म्हणाली, आजच हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, मी फोन करते.

आधी त्याला हायसं वाटलं. हिचं नव्हतं. मग त्याने बायकोकडे पाहिलं. तिची नजर पडद्यावर खिळली होती, ओठ हलत होते. ती मोजत होती. गेले आठ दिवस आपला चेहरा कसा दिसत असेल, ते त्याला आता कळलं.

"उठू का?" त्याने हळूच विचारलं.

"बसा," दोघी एकदमच म्हणाल्या.